काका, खिडक्या गळायच्या थांबल्या

ती. काका,
साष्टांग नमस्कार.

फोनवर आभार मानायला गेलो की तुम्ही लगेच विषय बदलता, "पोरीची परीक्षा कशी झाली, तिकडे पाऊस आहे का" सुरू होतं, म्हणून इथे लिहितोय आणि सगळ्यांसमोर लिहितोय, रागावू नका. काकू वाचून दाखवतील तेव्हा शेवटपर्यंत ऐका, मधेच उठून जाऊ नका.

गेल्या ऑक्टोबरमधे आम्ही तो जुना ट्रेलर घेतला. १९७२ चा एअरस्ट्रीम, २५ फुटी, आपल्या ओहायोतच जॅक्सन सेंटरला बनलेला, पिकअपच्या मागे जोडून न्यायचं अ‍ॅल्युमिनियमचं घरच ते. मी आणि बायको दोघंही बघता क्षणी भाळलो. मग थंडी संपत आली, बर्फ वितळायला लागला तसा आत कुबट वास यायला लागला, मार्चमधे मागच्या खिडकीखालचं कार्पेट हाताला ओलं लागलं, आणि दाराजवळच्या प्लायवूडवर स्क्रू ड्रायव्हर टेकवला तर तो भिजलेल्या बिस्किटात जावा तसा आत गेला. त्या रात्री मला झोप नव्हती काका. तीन वर्षं बाजूला टाकलेले पैसे होते ते.

एका दुकानात विचारलं तर म्हणाले खिडक्यांना बाहेरून सगळीकडे सिलिकोन मारा, काम संपलं. मी सहा ट्यूबा घेऊन आलो. आणि त्याच आठवड्यात मंडळाचा पाडव्याचा कार्यक्रम होता, जेवणाच्या लाईनमधे तुम्ही पुढे उभे, ओळख अशी फारशी नाही, बोलता बोलता मी गळतीचं सांगितलं आणि तुम्ही हातातलं ताट टेबलावर ठेवून विचारलंत, "रबर कुठलं आहे?" मला कळेचना काय उत्तर द्यावं. तुम्ही म्हणालात, "ट्यूब उघडू नकोस. शनिवारी येतो."

अ‍ॅक्रनहून कोलंबस म्हणजे दोन तास जायला, दोन तास यायला, आणि तुम्ही एक नाही, पाच शनिवार आलात. गुडघा दुखतोय म्हणून प्लॅस्टिकचा स्टूल सोबत आणलात पण आलात. काकूंनी प्रत्येक वेळी डबा दिला, त्या थालीपीठांबद्दल वेगळं पत्र लिहावं लागेल.

पहिल्या शनिवारी आपण काहीच दुरुस्त केलं नाही हे मला तेव्हा जरा खटकलं होतं, आज सांगतो. तुम्ही नुसते बघत होतात. दाराच्या सीलचा, म्हणजे फट बंद करणाऱ्या रबराच्या पट्टीचा, एक तुकडा कापून घेतलात, बोटांवर वाकवलात आणि मला भिंग दिलंत. ताणल्या बाजूला बारीक बारीक भेगा, सगळ्या ताणाला आडव्या. "हे वय नाही, हा ओझोन आहे," असं म्हणून तुम्ही जे समजावलंत ते मला इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत कोणी असं सांगितलं नव्हतं, की नैसर्गिक रबर काय किंवा एसबीआर हे कृत्रिम रबर काय, त्यांच्या रेणूंच्या साखळीतच दुहेरी बंध असतात, हवेतला थोडासा ओझोन ते बंध तोडतो, आणि रबर ताणलेलं असेल तर तिथून चीर पडत जाते. आणि ईपीडीएम नावाच्या रबराच्या मुख्य साखळीत ते बंधच नसतात, म्हणून बाहेर उन्हापावसात ईपीडीएम टिकतं, म्हणून नवीन सील तेच मागवायचं. दुसऱ्या खिडकीचं सील तुटलेलं नव्हतं पण चपटं झालेलं होतं, दाबून सोडलं तर वर येतच नव्हतं. त्यालाही नाव आहे, कॉम्प्रेशन सेट. तुम्ही म्हणालात, "सील दिसायला अख्खं आहे म्हणून फसू नकोस, ते उलटं ढकलतंय का बघ."

माटुंग्याच्या यूडीसीटीतून, केमिकल टेक्नॉलॉजीच्या त्या कॉलेजातून, निघून १९७२ लाच तुम्ही अ‍ॅक्रनला आलात, म्हणजे तुमची अमेरिका आणि आमचा ट्रेलर एकाच वयाचे. रबर कंपाऊंडिंगमधे, म्हणजे रबरात काय किती मिसळायचं या कामात, आख्खी नोकरी केलेला माणूस, ज्या गावात गुडइयर आणि फायरस्टोन या टायर कंपन्या वाढल्या त्या गावातला, तो माझ्या ड्राईव्हवेवर स्टूल टाकून बसला होता आणि मी आतून चहा आणून देत होतो, मला अजून खरं वाटत नाही.

सिलिकोनचं तुम्ही एका वाक्यात संपवलंत. जुन्या मालकाने एका खिडकीला मारलेलं होतंच, ते नखाने ओढलं तर पट्टीच्या पट्टी सुटून आली, खाली अ‍ॅल्युमिनियम कोरं. पण त्याचा न दिसणारा थर राहतो आणि त्यावर मग दुसरं काहीच धरत नाही, नवीन सिलिकोनसुद्धा धड धरत नाही. तो थर काढायला आपले दोन शनिवार गेले. प्लॅस्टिकची पट्टी, मिनरल स्पिरिट, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि मी तारेचा ब्रश उचलला तेव्हा तुम्ही पहिल्यांदा आवाज चढवलात, की स्टीलचे कण अ‍ॅल्युमिनियममधे रुततात आणि मग तिथूनच गंज धरतो. बरं झालं ओरडलात.

ती डाव्या बाजूची खिडकी मला सगळ्यात जास्त लक्षात राहील. या ट्रेलरच्या काचेला स्वतःची चौकट नाही, काच वरून बिजागरीवर आणि खाली बंद होताना सरळ रबरावर टेकते, आणि वर्षानुवर्षं न उघडल्याने ती रबराला चिकटून बसली होती. मी आतून ढकलणार होतो. तुम्ही माझा हात धरलात. टफन्ड काच, एका कोपऱ्यावर जोर आला की क्षणात भुगा, आणि या मापाची वक्र काच आता शोधत फिरावं लागतं. मग तुम्ही साबणाचं पाणी सोडलंत आणि दात साफ करायचा फ्लॉस काचेमागून करवतीसारखा पुढे मागे, दोन इंच, परत पाणी, दोन इंच, तासभर. ती सुटली तेव्हाचा तो छोटासा 'टप्' आवाज आणि तुमचा चेहरा. पन्नास वर्षं रबरात काढलेला माणूस एका खिडकीसाठी एवढा खूश होतो हे मी बघितलंय.

दाराचं काम अजून किचकट, कारण दार वक्र आणि फट कुठेच सारखी नाही. मी कॅलिपर शोधत होतो, तुम्ही आत जाऊन बायकोकडे कणकेचा गोळा मागितलात! प्लॅस्टिकमधे गुंडाळलेल्या कणकेच्या गोळ्या चौकटीवर दर फुटाला चिकटवल्या, दार लावलं, उघडलं, आणि चेपलेल्या कणकेची जाडी मोजली. बिजागरीकडे ३/१६ इंच, वरच्या कोपऱ्यात ३/८. मी नेटवरून जे जाड सील मागवणार होतो ते बिजागरीकडे एवढं दाबलं गेलं असतं की दारच बसलं नसतं, आणि जोर लावून लावलं असतं तर कडीवर ताण आला असता. मग आपण पोकळ डी आकाराचं घेतलं, बिजागरीकडे बारीक, बाकी मोठं.

आणि चिकटवताना ताणायचं नाही, हे तुम्ही पाच वेळा तरी सांगितलं असेल. ताणून लावलेलं रबर महिन्याभरात आपल्या मूळ लांबीवर येतं आणि जोडावर फट पडते, म्हणून उलट पाव इंच जास्त कापून टोकं एकमेकांवर दाबून बसवायची आणि जोड दाराच्या खालच्या बाजूला ठेवायचा. वळणावर पोकळ रबर चपटं होत होतं तिथे आतून मऊ फोमची दोरी सरकवली. गोंदाचा पातळ हात दोन्हीकडे, मग थांबायचं, बोटाला चिकटेल पण बोटावर येणार नाही इथपर्यंत थांबायचं. थांबायचं हेच मला जमत नाही हे तुम्ही ओळखलं होतंत, तेवढ्यात तुम्ही अपोलो ११ ची गोष्ट काढलीत, की चंद्रमोहिमेवरून आलेले तिघे याच कंपनीच्या ट्रेलरमधे क्वारंटाईनला होते आणि अध्यक्ष निक्सन खिडकीबाहेर उभं राहून त्यांच्याशी बोलले, तुम्ही मुंबईत पेपरमधे तो फोटो बघितला होता. आतला दाब मुद्दाम कमी ठेवलेला, म्हणजे कुठे फट असलीच तर हवा आत येईल, बाहेर जाणार नाही. गोष्ट संपली आणि गोंद तयार होता.

पण मला खरं जे शिकवलंत ते चौथ्या शनिवारी. सगळी सीलं नवीन, कागदाची पट्टी दारात अडकवून ओढली तर जागोजागी घट्ट धरते, मी म्हटलं झालं. तुम्ही पाण्याचा पाईप मागितलात. खालून सुरुवात, पाच मिनिटं एकाच पट्ट्यावर, मग थोडं वर, कारण वरून पाणी मारलं तर ते सगळीकडेच ओघळतं आणि नक्की कुठून शिरलं ते कळत नाही. लेक आत टॉर्च आणि टिश्यू घेऊन. "आजोबा, कोरडं! आजोबा, कोरडं!" असं ओरडत होती आणि मागच्या खिडकीच्याही वर पाणी पोचल्यावर एकदम गप्प झाली. त्याच कोपऱ्यात थेंब. नवीन सील लावलेला कोपरा.

मला रडू यायचं बाकी होतं. तुम्ही खिडकीकडे बघितलंसुद्धा नाहीत, वर छताजवळच्या त्या छोट्या लाल दिव्याकडे बघितलंत. दिव्याखालचा जुना पुट्टीचा थर वाळून तडकला होता, पाणी तिथून बाहेरच्या पत्र्याच्या आत शिरत होतं आणि दोन पत्र्यांच्या मधून ओघळत चार फूट खाली खिडकीच्या चौकटीवर येत होतं. म्हणजे इतकी वर्षं बिचाऱ्या खिडकीला सगळे दोष देत होते आणि तिच्यावरच सिलिकोन थापत होते. दिवा काढला, साफ केला, ब्यूटिल टेप, म्हणजे चिकट रबरी पट्टी, लावून परत बसवला, पंधरा मिनिटांचं काम.

तेव्हा तुम्ही कोकणातल्या तुमच्या घराचं सांगितलंत, की वळवाच्या आधी वडील कौलं शाकारायला चढायचे आणि ओल भिंतीवर जिथे दिसते तिथलं कौल ते कधीच काढायचे नाहीत, तिथून वर, चढाकडे हात फिरवत जायचे. तुम्ही खाली उभं राहून कौलं वर द्यायचात. मग आपण दोघांनी सगळ्या खिडक्यांच्या खालच्या चौकटीतली ती बारीक भोकं टाचणीने मोकळी केली, जी मी घाण समजून बुजवणार होतो. आत आलेलं पाणी बाहेर जायचीच ती वाट होती.

पाचव्या शनिवारी काम थोडंच होतं, दाराजवळचं कुजलेलं प्लायवूड कापून नवीन बसवलं, आणि काचा उन्हात परत चिकटू नयेत म्हणून रबरावर टाल्कम पावडर. ते लेकीने केलं, तुम्ही तिला करू दिलंत.

काका, जुलैमधे आम्ही हॉकिंग हिल्सला गेलो होतो. रात्री अकराला पाऊस सुरू झाला, वाऱ्यासकट, पत्र्यावर ताशे वाजावेत तसा. बायको आणि मी दोघंही जागे, कोणी बोलत नव्हतं. चार वाजता मी उठून मागच्या खिडकीखाली हात फिरवला, मग दाराच्या उंबऱ्यावर, मग परत खिडकीखाली. कोरडं होतं. लेक झोपेतच म्हणाली "बाबा, कोरडं?" आणि कुशीवर वळली. तुम्हाला सकाळी फोटो पाठवला तो त्या कोपऱ्याचा होता, कोरड्या प्लायवूडचा फोटो कोणी कोणाला पाठवत नाही पण तुम्हाला पाठवावासा वाटला.

तुम्ही पेट्रोलचेसुद्धा पैसे घेतले नाहीत. विचारलं तर म्हणालात रिटायर झाल्यापासून रबराबद्दल कोणी काही विचारतच नव्हतं. मी विचारत राहणार आहे काका, हे लक्षात असू द्या.

आणि एक. मागच्या वेळी तुम्हाला सोडायला आलो तेव्हा तुमच्या गॅरेजच्या दाराचं खालचं रबर बघितलं, डाव्या कोपऱ्यात फाटलंय आणि तिथून पानं आत येतायत. माप घेऊन ठेवलंय, माल मागवलाय, ईपीडीएमच आहे. येत्या शनिवारी सकाळी नऊला येतोय, स्टूल बाहेर काढून ठेवा, तुम्ही फक्त बसायचं आणि मी ताणून लावतोय का ते बघायचं.

काकूंना नमस्कार.

तुमचा,
कोलंबसवाला