आधी बुकिंगचं पान बघ

पुणे, रविवार

चि. सईस,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर म्हणालीस, की घरी येऊन रक्ततपासणी करणाऱ्या तुमच्या स्टार्टअपच्या फाउंडरनं आयफोनच्या नव्या, काचेसारख्या स्क्रीन दाखवून ‘आपली साइट अशी हवी’ असं सांगितलंय आणि सोमवारपर्यंत तीन पर्याय मागितलेत. कंपनीतली तू पहिली आणि एकटीच डिझायनर, त्यामुळे तोंडावर नाही म्हणणं तुला जड जातंय. नाही म्हणायची गरजही नाही. पण फिग्मा, म्हणजे तुझं डिझाइनचं सॉफ्टवेअर, उघडण्याआधी हे वाच.

ॲपलनं काचेसारखं हे रूप, ‘लिक्विड ग्लास’, जून २०२५ मध्ये दाखवलं आणि सप्टेंबरमध्ये ते आयओएस २६ या आयफोनच्या प्रणालीबरोबर लोकांच्या फोनवर आलं. मागचा फोटो वर झिरपतो आणि अक्षरं वाचता येत नाहीत, अशा तक्रारी चाचणीच्या आवृत्तीपासूनच होत्या. शेवटी २६.१ मध्ये काचेचा पारदर्शकपणा कमी करायचा पर्याय द्यावा लागला. २०१३ मध्ये आयओएस ७ नं सावल्या आणि कडा काढून टाकल्या, तेव्हाही असंच झालं होतं. बटण कोणतं आणि नुसता मजकूर कोणता हे कळेना, म्हणून ७.१ मध्ये बटणांचे आकार दाखवायची सोय आली. नवी टूम वाईट असते असं मी म्हणत नाही. ॲपलचा फोनही ॲपलचाच आहे, चुकलं तर पुढच्या महिन्यात दुरुस्त करता येतं. तुमची साइट साताऱ्यात कुणाच्या तरी चार वर्षं जुन्या अँड्रॉइडवर, उन्हात उघडली जाणार आहे. काचेच्या परिणामासाठी ब्राउझरला मागचा भाग धूसर करावा लागतो, आणि पान सरकलं की पुन्हा करावा लागतो. स्वस्त फोन तिथेच अडखळतो. काच द्यायचीच असेल तर फक्त वरच्या पट्टीला दे आणि तिचा रंग ८५-९० टक्के अपारदर्शक ठेव. दर, वेळा आणि फॉर्म यांच्यामागे पांढरी, स्थिर पार्श्वभूमीच हवी.

रंगांचंही तसंच. पांढऱ्यावर ९९९९९९ या कोडचा राखाडी सुंदर दिसतो, पण त्याचं कॉन्ट्रास्टचं गुणोत्तर, म्हणजे अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजेडातल्या फरकाचं माप, २.८५ भरतं. साध्या मजकुराला किमान ४.५ लागतं. ७६७६७६ घेतलास तर ४.५४ मिळतं, म्हणजे जेमतेम पास. रक्ततपासणी बुक करणाऱ्यांत साठीच्या पुढची माणसं पुष्कळ असणार, तेव्हा तू आणखी गडद घे.

आता खरं काम. स्टार्टअपमधली पहिली डिझायनर म्हणजे साइट नटवणारी बाई, असा समज फाउंडरचा असू शकतो. तुझा नसावा. प्रवाशांना लोकांची घरं भाड्यानं मिळवून देणाऱ्या एअरबीएनबीच्या तीन संस्थापकांपैकी दोघे, ब्रायन चेस्की आणि जो गेबिया, डिझाइन शिकलेले. २००९ मध्ये न्यूयॉर्कमधली बुकिंग वाढेनात, तेव्हा त्यांनी साइटचे रंग बदलले नाहीत. घरांचे फोटो अंधारे आणि वाईट आहेत हे त्यांच्या लक्षात आलं, म्हणून ते स्वतः तिथे जाऊन चांगले फोटो काढून आले. आठवड्याची कमाई २०० डॉलरवरून ४०० वर गेली. अडलंय कुठे ते शोधणं, हेच त्यांनी तेव्हा डिझायनर म्हणून केलं.

तुमच्याकडे ते कुठे अडतंय? मला वाटतं, बुकिंगच्या पानावर. रांगेनं बघ.

बुकिंग करणारा आणि रक्त देणारा हे बऱ्याचदा वेगवेगळे असतात. मुलगा बंगळुरूत, आई कराडला. तुमचा फॉर्म एकच मोबाइल नंबर विचारतो. म्हणजे ओटीपी मुलाला येणार आणि सकाळी साडेसहाला रक्त घ्यायला आलेला माणूस दाराबाहेरून बंगळुरूला फोन लावणार. पहिलाच प्रश्न ‘तपासणी कुणाची?’ असा ठेव. उत्तर ‘दुसऱ्या कुणाची’ आलं तरच पेशंटचं नाव, वय आणि नंबर वेगळा माग. ईमेल सक्तीचा नको. पासवर्ड तर नकोच, ओटीपी असताना त्याचं कामच काय?

ओटीपीसाठी सहा सुटे चौकोन काढू नकोस, एकच रकाना पुरे. सुट्या चौकोनांत कॉपी केलेला आकडा पेस्ट करताना घोळ होतो आणि मधला अंक चुकला की सगळं खोडावं लागतं. रकान्यातली अक्षरं १६ पिक्सेलपेक्षा लहान ठेवलीस तर आयफोनचा सफारी पान आपोआप मोठं करतो आणि बटण स्क्रीनबाहेर जातं. मोबाइल नंबरला आकड्यांचा कीपॅड उघडेल असं डेव्हलपरला सांग, पण तो रकाना ‘नंबर’ प्रकारचा करू देऊ नकोस. तो प्रकार मोजायच्या संख्यांसाठी असतो. चूक झाली तर ती त्याच रकान्याखाली लिही, आणि आधी भरलेलं काहीही पुसलं जाता कामा नये. बटण बोटाला सापडायला किमान ४८ पिक्सेल उंच हवं.

आणि सूचनेची भाषा. ‘१ टेस्टला फास्टिंग आवश्यक’ हे वाचून लोक चहा पिऊन बसतात. मग येणारा माणूस रिकाम्या हातानं परत जातो, दुसऱ्या फेरीचा खर्च कंपनीच्या अंगावर. उपाशीपोटीच्या शुगरला किमान ८ तास लागतात. सकाळी ७ ची वेळ निवडली की स्क्रीननंच हिशेब करून सांगावं: ‘रात्री ११ नंतर काही खाऊ नका. चहा-दूधही नको. साधं पाणी चालेल.’ तेच वाक्य आदल्या रात्री मेसेजनं जाऊ दे, पेशंटच्या नंबरावर. ही एक ओळ काचेच्या तिन्ही पर्यायांपेक्षा जास्त पैसे वाचवेल, अशी माझी खात्री आहे.

मराठी आवृत्ती करताय म्हणून हे वेगळं लिहिते, कारण इंग्रजी साचा तसाच ओढला की ती हटकून बिघडते. ओळींमधलं अंतर मजकुराला १.६ ते १.८ ठेव, मथळ्यांना १.४. इंग्रजी मथळ्याचं १.१ लावलंस तर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांत घुसतात. बटणाची उंची ठोक ठरवू नकोस, आतून वर-खाली जागा सोड. नाहीतर ‘वर्षांची’मधला रफार-अनुस्वार वरून कापला जातो आणि ‘मूत्र’चा उकार खालून. अक्षरांमधलं अंतर शून्यच ठेव, ते वाढवलं की शिरोरेखा तुटते. पानाची भाषा कोडमध्ये मराठी अशीच नोंदवायला सांग. फॉन्टमध्ये सोय असेल तर ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे उमटतात, नाहीतर हिंदी वळणाचे. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘मुक्ता’ फॉन्ट मोफत आहे आणि लहान आकारातही नीट वाचता येतो. त्याची दोनच वजनं, म्हणजे जाडीचे प्रकार, घे: साधं आणि ठळक. देवनागरीत जोडाक्षरांमुळे फाइल जड होते, प्रत्येक जादा वजन म्हणजे आणखी एक जड फाइल.

वेगाचे आकडे डेव्हलपरशी आधीच ठरव. पानावरचा सर्वात मोठा घटक २.५ सेकंदांत दिसावा, बटण दाबल्यावर २०० मिलिसेकंदांत हालचाल दिसावी, आणि पान उडण्याचा अंक, म्हणजे लोड होताना मजकूर जागचा हलण्याचं माप, ०.१ च्या आत राहावा. गूगल हे चारपैकी तीन भेटींमध्ये पूर्ण झालं तरच चांगलं मानतं. पहिल्या स्क्रीनवर व्हिडिओ लावायचा आग्रह झाला तर हे आकडे पुढे ठेव. फोटोंची लांबी-रुंदी कोडमध्ये लिहिलेली हवी, नाहीतर फोटो उशिरा येतो, मजकूर खाली ढकलला जातो आणि बोट भलत्याच बटणावर पडतं.

हल्ली एआय मिनिटात दहा स्क्रीन काढून देतं आणि फाउंडर हरखतात. त्या स्क्रीनवर नाव छोटं असतं, नेट चालू असतं, सगळ्या वेळा मोकळ्या असतात. तू प्रत्येक पानाच्या आणखी चार अवस्था काढ: काहीच नसताना, लोड होताना, अर्धवट भरलेलं असताना आणि बिघडल्यावर. यूपीआयचे पैसे खात्यातून गेले, पण बुकिंग दिसत नाही, तेव्हा काय दिसणार? ‘समथिंग वेंट राँग’ नक्कीच नाही.

आणखी एक. ‘फक्त २ स्लॉट शिल्लक’ असं खोटं लिहायला, किंवा फुल बॉडी पॅकेजवर आधीच टिक करून ठेवायला तुला सांगितलं जाईल. घरी येण्याचे पैसे शेवटच्या पायरीवर दाखवायलाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ३० नोव्हेंबर २०२३ ला अशा १३ प्रकारांवर मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत, आणि हे तिन्ही त्यांत आहेत. इथे मात्र स्पष्ट नाही म्हण, आणि ते ईमेलवर लेखी असू दे.

सोमवारी असं कर. एक पर्याय काचेच्या पट्टीचा ने, नीटस. त्याच्यासोबत मागच्या महिन्याचे आकडे ने: बुकिंगचं पान किती जणांनी उघडलं, ओटीपीपर्यंत किती पोचले, पत्ता किती जणांनी भरला, पैसे किती जणांनी दिले. सर्वात मोठी गळती जिथे असेल तिथे बोट ठेव आणि दोन आठवडे माग. त्यात कस्टमर केअरचे फोन दोन दिवस ऐक, एक सकाळ रक्त घ्यायला जाणाऱ्यांबरोबर फीर. मग पाच जणांना त्यांच्याच फोनवर पान दे. साइट वापरायला किती सोपी आहे याचा अभ्यास करणाऱ्या जेकब नील्सननं २००० सालीच मांडलंय, की पाच जणांत बहुतेक चुका दिसतात. सुधारून पुन्हा नव्या पाच जणांना बसवायचं. ऑफिसमधली मुलं यात धरू नकोस. ‘आवडलं का?’ हा प्रश्न तर विचारूच नकोस, सगळे हो म्हणतात. ‘उद्या सकाळी आईची शुगर तपासायचीय, बुक करून दाखवा’ एवढंच म्हण आणि गप्प बस. ते अडले तरी मदत करू नकोस, कुठे अडले ते लिहून घे.

पान तयार झालं की लिंक पाठव. बाबांचा जुना फोन आहेच, वायफाय बंद करून त्यावर उघडून बघते. आणि जेवण वेळेवर कर.

तुझी,
आई