मेडिकलवाल्या काकांना, उशिरा का होईना

ती. स्व. काका,
सा. न. वि. वि.

मी तुम्हाला आठवत असेन असं नाही. मागच्या पावसाळ्यात, रात्री नऊच्या सुमारास, सदाशिव पेठेतल्या तुमच्या दुकानासमोर गर्दी ओसरायची वाट बघत उभा होतो. मग रूममेटनं लिहून दिलेली एका गोळीची चिठ्ठी पुढे सरकवली. लघवीला आग होत होती, सकाळी कपड्यांवर डाग दिसायचे. दुसऱ्या एका दुकानातून काही न विचारता मिळालेल्या चार गोळ्या आधीच खाऊन झाल्या होत्या. दोन दिवस बरं वाटलं, मग पुन्हा तेच.

तुम्ही शेवटचं गिऱ्हाईक जाऊ दिलंत आणि म्हणालात, "अंदाजानं गोळी देणार नाही. उद्या ससूनला जा, त्वचा आणि गुप्तरोगाची ओपीडी विचार. सुरक्षा क्लिनिकमध्ये उपचार फुकट होतात." बिलाच्या मागे लिहूनही दिलंत. खरं सांगतो, तेव्हा राग आला होता. मी निघताना तुम्ही हळूच म्हणालात, "जी कोणी असेल तिलाही सांग. हे तुझं एकट्याचं दुखणं नाही."

हे वाक्य नसतं तर मी स्वतः बरा होऊन गप्प बसलो असतो.

निदान निघालं क्लॅमिडियाचं. जिवाणूंचा आजार, पूर्ण बरा होणारा. डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम, सकाळ-संध्याकाळ, ७ दिवस, एकही गोळी न चुकवता. सोबत एचआयव्ही आणि सिफिलिससाठी रक्त तपासलं. एका खोलीत आम्ही चौघं कॉट बेसिसवर राहतो, त्यामुळे बाथरूमची मला फार धास्ती होती. टॉवेलनं किंवा संडासातून हा आजार पसरत नाही, हे तिथल्या समुपदेशक ताईंनी समजावलं. तो शरीरसंबंधातून पसरतो आणि दर वेळी नीट वापरलेला कंडोम धोका पुष्कळ कमी करतो.

त्यांनीच सांगितलं की बहुतेक बायकांना याचं काही लक्षणच जाणवत नाही. उपचार झाले नाहीत तर आतल्या आत तो गर्भाशयात, गर्भनलिकांपर्यंत चढू शकतो. पुढे मूल राहायला अडचण येऊ शकते, किंवा गर्भ नळीतच राहून जिवावर बेतू शकतं. आणि कोणाकडून कोणाला झाला, हे बहुतेक वेळा ठरवता येत नाही, कारण तो महिनोन्‌महिने लपून राहतो.

संभाजी बागेत बाकावर बसून मी तिला सगळं सांगितलं. तिला काहीच त्रास नव्हता. ती बराच वेळ बोलली नाही. मग विचारलं, "ओपीडी किती वाजता असते?"

तिलाही संसर्ग निघाला. दोघांनी औषध घेतलं, ते पूर्ण होईपर्यंत संबंध टाळले. तीन महिन्यांनी पुन्हा तपासलं, तेव्हा दोघांचेही रिपोर्ट निगेटिव्ह आले.

काका, त्या रात्री तुमच्याकडे नीट बघितलंही नव्हतं. बार्शीहून आईनं शेंगांची चटणी पाठवली आहे. रविवारी सकाळी, दुकान उघडल्या उघडल्या, घेऊन येतो.

तुमचा,
बिलाच्या मागचा पत्ता घेऊन गेलेला मुलगा