आशाताई, रविवारी चर्चमध्ये तुमचं नाव घेतलं तेव्हा तुम्ही पोलिओच्या बूथवर होता

आशाताई,

आमच्या घरातल्या सगळ्यांचा तुम्हाला सलाम, आणि माझ्याकडून जयभीमही.

रविवारी चर्चमध्ये आमच्या पोरीचं अर्पण झालं, म्हणजे बाळ देवाला वाहायचा विधी. पाळकसाहेबांनी तिला हातात घेऊन प्रार्थना केली. मग उपकारस्तुतीसाठी बाबा, म्हणजे माझे सासरे, उभे राहिले. त्यांनी आधी प्रभूचं नाव घेतलं आणि लगेच तुमचं. सगळ्यांनी माना वळवून तुम्हाला शोधलं. पण पोलिओचा रविवार होता. तुम्ही शाळेच्या व्हरांड्यात बसून गावभरच्या लेकरांना डोस पाजून करंगळीवर शाई लावत होता. आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, तुमच्यासाठी काढून ठेवलेला डबा संध्याकाळी घरी पोचला, बोलायचं मात्र राहून गेलं. म्हणून हे लिहिते आहे. सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे, कारण आशा म्हणजे घरोघरी येऊन पोटातल्या बाळाची नोंद करणारी आणि डोसाला बोलावणारी बाई, एवढंच पुष्कळांना माहीत असतं. मलाही लग्न होऊन या गावात येईपर्यंत तेवढंच माहीत होतं.

गरोदरपणाचा एकतिसावा आठवडा चालू होता. डिसेंबरची थंडी, पहाटेची वेळ, आणि माझं पाणी गेलं. घरात एकच गोंधळ. दीर गाडी काढून उभे, आई म्हणतात थेट अमरावती गाठा. तुम्ही स्वेटरवर साडीचा पदर गुंडाळत आलात आणि म्हणालात, आधी अचलपूरचा सरकारी दवाखाना. बाळाच्या फुफ्फुसाची सुई घेतल्याशिवाय पुढं जायचं नाही. दीर म्हणाले, "ते तं अमरावतीलेबी देतीन." तुम्ही म्हणालात, "अन् वाटेत आसेगावजवळच झाली तं?" त्यावर कोणी काही बोललं नाही.

ती सुई म्हणजे डेक्सामेथासोन. बारा-बारा तासांनी चार वेळा द्यायची असते. दिवस भरायच्या आत बाळ येणार असं दिसलं की आईला देतात, म्हणजे बाळाची कच्ची फुफ्फुसं लवकर तयार होतात. पहिली मला अचलपूरला मिळाली. मग 108 च्या रुग्णवाहिकेत बसून आपण वलगावमार्गे अमरावतीच्या डफरीनला, म्हणजे जिल्हा स्त्री रुग्णालयात, गेलो. उरलेल्या तिन्ही तिथं पूर्ण झाल्या आणि मगच ती आली. 1 किलो 350 ग्रॅम. नळी लागली, नाकाला दाबाची हवा लागली, पण पोरीनं श्वास धरला. पुढं डॉक्टरांनीच सांगितलं, चारही डोस बसले हे फार बरं झालं.

डफरीनच्या नवजात कक्षाबद्दल इथं फार लिहीत नाही, तिथल्या सिस्टरांना मी वेगळं पत्र दिलं आहे. बाहेरच्या बाकड्यांवर आमचं घर कसं बसलं होतं ते तुम्ही पाहिलंच. सासू, सासरे, जाऊ, दीर, माहेरून आई आणि मामा, नागपूरहून नणंद, शिवाय चर्चच्या मंडळीतले दोन वडीलधारे. वॉचमन येऊन म्हणाला, "लगन आहे का कोनाचं इथं?" आमच्यात हे असंच चालतं. कोणी आजारी पडलं की सगळे जमतात, प्रार्थना करतात, डबे आणतात आणि उठत नाहीत.

हीच माणसं घेऊन नाताळच्या तोंडावर मी पावणेदोन किलोची पोरगी घरी आणली, तेव्हा मला धाकधूक वाटत होती. दारात तोरण, चांदणी लावलेली, फराळाचे डबे भरलेले, आणि गावातली, शेजारच्या गावातली, परतवाड्याची अख्खी मंडळी बाळ पाहायला यायच्या तयारीत. प्रत्येकाला तिच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायची होती. नाही कोणाला म्हणायचं? मी तर सून. ते काम तुम्ही अंगावर घेतलंत. दारातच सांगितलंत की खोलीत घरचीच माणसं येतील, तीही कोपरापर्यंत साबणानं हात धुऊन. खोकला-सर्दी असलेल्यानं उंबरा ओलांडायचा नाही. मुका कोणीच घ्यायचा नाही. आईंना ते लागलं. त्या म्हणाल्या, "मेंढपाळबी आलते ना बाळाले पाह्याले, थे तं रानातून सीधे आलते. त्याहिले कोनं अडवलं होतं?"

तुम्ही दरवर्षी आमचं नाताळचं नाटक पाहायला येता, हे त्या विसरल्या होत्या. "काकू," तुम्ही म्हणालात, "थे बाळ पुऱ्या दिवसाचं होतं."

आई हसल्या तशा घरातला ताण गेला. हा किस्सा आता आमच्या मंडळीत सगळ्यांना पाठ आहे. गव्हाणीतल्या बाळावर उपदेश करताना पाळकसाहेबांनीही तो सांगून टाकला. कॅरलवाले त्या वर्षी अंगणाच्या फाटकाशीच उभं राहून गायले, ढोलकीही दबक्या हातानं वाजवली.

पण माणसं थांबवून तुम्ही गेला असतात तर मी हे पत्र लिहिलं नसतं. खरं काम दुसऱ्या दिवशी झालं. स्वयंपाकघराच्या भिंतीवर आईंनी कागद लावला होता, एकेका तासापुढं एकेक नाव. तुम्ही विचारलंत, "हे काय लिहून ठेवलं?" आई म्हणाल्या, "साखळी प्रार्थना. दिवस-रात्र कोनी ना कोनी प्रार्थनेत असते." तुम्ही तो कागद वरपासून खालपर्यंत वाचलात. मग म्हणालात, "मंग असाच एक पोरीसाठी बनवा. दिवस-रात्र कोनाच्या ना कोनाच्या छातीवर असली पाह्यजे ती."

कांगारू पद्धत डफरीनमध्ये मला शिकवली होती. बाळाला टोपी, मोजे आणि लंगोट एवढंच, आणि उघड्या छातीवर उभं ठेवून वरून कापड बांधायचं. कोलंबियातल्या बोगोटा शहरात 1978 मध्ये बाळांना ऊब द्यायच्या काचेच्या पेट्या पुरत नव्हत्या म्हणून एका डॉक्टरांनी ती सुरू केली. आता जागतिक आरोग्य संघटनाही सांगते की कमी दिवसांच्या, कमी वजनाच्या बाळाला दिवसातून निदान 8 तास आणि जमलं तर 24 तास असं ठेवावं. सांगायला सोपं आहे. जी बाई दर दोन तासांनी वाटीत दूध काढते, ते चमच्यानं पाजते, वाटी-चमचा उकळते आणि मधल्या वेळात जेवते-झोपते, तिनं 24 तास कुठून आणायचे? घरात माझ्यासारखी एकटीच बाई असती तर आठ तासही जमले नसते. आमच्या घरात माणसांची कमी नव्हती. त्यांना काय करायचं तेवढं ठाऊक नव्हतं, आणि दारातून हाकललं असतं तर ती रुसून बसली असती. तुम्ही त्यांना पाळ्या लावून दिल्या.

रात्रीची पाळी माझ्या नवऱ्याची. ते जिनिंगवरून थकून येत, आंघोळ करत आणि तिला छातीवर घेऊन उशांना टेकून बसत. सकाळी जाऊबाई, अकरानंतर आई, उन्हं कलली की माझी आई. दिरांना सर्दी होती म्हणून त्यांचं नाव तुम्ही खोडलंत. ते फुगले, तर पाणी तापवणं आणि वाटी-चमचा उकळणं त्यांच्याकडं दिलंत. खरं सांगू, घासून घासून त्यांनीच त्या वाटीचा रंग घालवला.

आणि दुपारची पाळी बाबांची. सुनेसमोर उघड्या अंगानं बसायचं म्हणून ते आधी तयारच होईनात. तुम्ही म्हणालात, "शाल घ्या, भितीकडं तोंड करून बसा. नातीले तुमची लाज वाटत नाही." मग तुम्ही आईंचं जुनं सुती लुगडं मागितलंत, पोरीची मान एका बाजूला वळवली, हनुवटी थोडी वर, पाय बेडकासारखे दुमडून बाबांच्या छातीवर ठेवली आणि लुगडं काखेखालून असं बांधलंत की बाबांचे दोन्ही हात मोकळे. पहिल्या दिवशी ते इतके ताठ बसले की संध्याकाळी खांद्याला बाम चोळावा लागला. पुढं सवय झाली. जन्मभर एसटीत कंडक्टर होते, त्यामुळं त्यांनी वहीत नोंद ठेवायला सुरुवात केली. त्यात लिहिलेलं असायचं: "चढली 2.10, उतरली 4.05. मधे एकदा शिंकली." ती वही मी ठेवून दिली आहे.

थंडी ओळखायची तुमची रीत मात्र मी कोणत्याही पुस्तकात वाचली नव्हती. हाताच्या मागच्या बाजूनं आधी पोट चाचपायचं, मग तळपाय. दोन्ही ऊबदार तर ठीक. पोट ऊबदार आणि पाय गार, म्हणजे बाळाला थंडी वाजू लागली, लगेच छातीवर घ्यायचं. दोन्ही गार, म्हणजे छातीवर ठेवूनच दवाखाना गाठायचा. एका पहाटे जाऊबाईंना पाय गार लागले. त्यांनी मला उठवलंही नाही, सरळ तिला पोलक्यात घेतलं. मला सकाळी कळलं. तुम्ही आलात की झोळीच्या काट्यावर वजन, काखेत थर्मामीटर, मग अंगावरचं कापड वर करून घड्याळाकडं बघत पूर्ण मिनिटभर श्वास मोजायचात. साठ किंवा त्याच्यावर गेले तर थांबायचं नाही, दवाखाना गाठायचा, हे आमच्या घरात आता लहान पुतण्यालाही येतं.

खाटेखालची शेगडी तुम्ही बंद केलीत, कारण धूर. घुट्टी बंद, मध बंद. काजळाची डबी तर तुम्ही उचलून पिशवीतच टाकलीत. (आम्ही ख्रिस्ती, दृष्ट-बिष्ट मानत नाही म्हणतो, तरी काजळाची डबी आमच्याही घरात होतीच.)

डोळ्यांच्या तपासणीवर मात्र घरात वाद झाला. पोरगी टकामका बघायला लागली होती, मग पुन्हा अमरावतीची फेरी कशाला? तुम्ही बायबलच्या वचनांच्या कॅलेंडरवर जानेवारीतल्या तारखेला लाल गोल केलात आणि बजावलंत की बाहेरून डोळे कितीही छान दिसोत, आतल्या पडद्याच्या रक्तवाहिन्या कमी दिवसांच्या बाळात अर्धवट असतात. त्या वेड्यावाकड्या वाढल्या तर नजर जाऊ शकते, आणि वेळेत कळलं तर उपचार होतो. 34 आठवड्यांच्या आत जन्मलेल्या किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाची ही तपासणी महिनाभरात व्हायलाच हवी. तुम्ही आठवण करायला दोनदा आलात, म्हणून आम्ही गेलो. पडदा चांगला निघाला.

एकदा मी विचारलं, हे सगळं कुठं शिकलात? तुम्ही म्हणालात, आपल्याच विदर्भातून निघालंय. नंतर मी शोधून वाचलं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं 1995 पासून 39 गावांत गावातल्याच बायांना आरोग्यदूत म्हणून शिकवलं, घरी जाऊन नवजात बाळाला तपासायला लावलं आणि बाळं दगावण्याचं प्रमाण निम्म्याहून जास्त खाली आलं. 1999 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं. 2011 पासून ते देशभरातल्या आशांच्या कामात आहे. तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी भेट. या सगळ्या भेटींचे मिळून तुम्हाला अडीचशे रुपये मिळतात, हेही तेव्हाच वाचलं. आमच्याकडं तर तुम्ही ठरलेल्या दिवसांपेक्षा कितीतरी जास्त वेळा आलात.

अर्पणाच्या दिवशी साक्ष देताना कोणी म्हणालं, प्रभूनं चमत्कार केला. मीही आमेन म्हटलं, आणि मनापासून म्हटलं. पण त्या चमत्कारात बारा-बारा तासांच्या चार सुया होत्या, दोन तासांच्या पाळ्या होत्या आणि झोळीचा काटा होता, हे मला पोरीला मोठेपणी सांगायचं आहे. आई तुम्हाला देवदूत म्हणाल्या तेव्हा तुम्ही म्हणाला होता, "देवदूत नोका म्हनू काकू, त्याहिले मानधन लागत नाही." तेव्हा देवदूत म्हणत नाही. पुढच्या वेळी मोर्चाला जाल तेव्हा निरोप धाडा. आई आणि जाऊबाई येणार आहेत, डबा घेऊन.

तुम्ही मागितलेला पाळ्यांचा कागद सोबत पाठवते आहे. शेजारच्या गावात जुळी घरी आली आहेत आणि घरात माणसं तीनच, असं तुम्ही सांगितलंत. ते कळल्यापासून आईंनी महिला मंडळात विषय काढला आहे. बाळांना घरच्यांनीच छातीवर घ्यावं, आमच्यातल्या दोघी-दोघी आळीपाळीनं जाऊन त्यांचा स्वयंपाक, धुणं आणि उकळापाणी बघतील. दिरांची सर्दी बरी आहे, दूध पोचवायला ते जातील. घरात शिरायच्या आधी हात धुवायचे, हे सगळ्यांना माहीत आहे. तुम्ही त्या घरी विचारून फक्त दिवस कळवा.

तुमची,
चर्चमागच्या घरातली धाकटी सून