दोन ग्रॅमच्या आतल्या सोन्याची खात्री कोण देणार? : केंद्रीय ग्राहक व्यवहार मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय केंद्रीय ग्राहक व्यवहार मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

सादर नमस्कार.

सोन्याच्या दागिन्यांवर हॉलमार्कची, म्हणजे तपासलेल्या शुद्धतेच्या अधिकृत खुणेची, सक्ती २३ जून २०२१ पासून देशातील २५६ जिल्ह्यांत लागू झाली. पुढे टप्प्याटप्प्याने जिल्हे वाढत जाऊन नोव्हेंबर २०२४ मध्ये त्यांची संख्या ३६१ वर गेली, आणि १ एप्रिल २०२३ पासून तर सहा अक्षर-अंकांच्या एचयूआयडी संकेतांकाशिवाय (प्रत्येक दागिन्याच्या स्वतंत्र ओळख क्रमांकाशिवाय) हॉलमार्कचा दागिना विकण्यासही मनाई झाली. सन २००० पासून ऐच्छिक असलेली ही व्यवस्था सक्तीची करण्याचा निर्णय योग्य होता, असे माझे स्पष्ट मत आहे आणि हे पत्र त्याच्या विरोधात नाही. या सक्तीतून दोन ग्रॅमपेक्षा कमी वजनाचे जे दागिने आजही वगळलेले आहेत, ते नेमके कोणाच्या अंगावर असतात, याकडे आपले लक्ष वेधण्यासाठी मी लिहीत आहे.

मी अनेक वर्षे रसायनशास्त्र शिकवत आले. त्यामुळे ओळखीतल्या बायका कानातले, नथ किंवा मंगळसूत्राची वाटी माझ्यापुढे ठेवून ‘हे खरे आहे का, तेवढे पाहून सांगा’ असे विचारतात. रसायनशास्त्र शिकवणाऱ्या बाईला हे सहज सांगता येईल अशी त्यांची समजूत असते. प्रत्यक्षात डोळ्यांनी पाहून किंवा स्वयंपाकघरातल्या वस्तू वापरून ते मलाही सांगता येत नाही, आणि का येत नाही हे थोडे सविस्तर मांडले, तर सरकारी शिक्क्यावर इतका भार का पडतो ते आपल्या लक्षात येईल.

सर्वांत प्रचलित उपाय लोहचुंबकाचा आहे. सोने चुंबकाला चिकटत नाही हे खरे, पण तांबे, पितळ, चांदी आणि शिसे हेही चिकटत नाहीत, आणि सोन्यात भेसळ होते ती प्रामुख्याने तांब्याची आणि चांदीची. म्हणजे चुंबकाने फार तर आत लोखंड किंवा निकेल असल्याचे कळेल; बावीस कॅरेटच्या नावाखाली अठरा कॅरेट दिलेले कळणार नाही. पाण्यात टाकून बुडतो का पाहणे तर निरर्थकच आहे, कारण दागिना कोणत्याही नेहमीच्या धातूचा असला तरी तो बुडतोच. व्हिनेगर टाकून रंग बदलतो का पाहण्याचा सल्लाही सर्रास दिला जातो. चांगल्या जाडीचा मुलामा असेल तर त्या सौम्य आम्लाचा त्यावर काही परिणाम होत नाही, आणि दागिन्यात मोती असतील तर ते मात्र खराब होतात, कारण मोती कॅल्शियम कार्बोनेटचा असतो. त्वचा काळी पडली म्हणून सोने खोटे, ही समजूतही तितकीच चुकीची आहे; घाम आणि प्रसाधने यांचा मिश्रधातूतील तांब्या-चांदीशी संयोग होऊन अस्सल दागिन्यानेही डाग पडू शकतो.

शास्त्रीयदृष्ट्या त्यातल्या त्यात धड असलेली घरगुती चाचणी म्हणजे घनता मोजणे. शुद्ध सोन्याची घनता घन सेंटिमीटरला १९.३ ग्रॅम असते आणि बावीस कॅरेटची, त्यात तांबे किती व चांदी किती यानुसार, साधारण १७.६ ते १८ च्या दरम्यान येते. पण आकड्यांत पाहू गेल्यास दहा ग्रॅमची बावीस कॅरेटची अंगठी सुमारे ०.५६ मिलिलिटर पाणी बाजूला सारते आणि तेवढ्याच वजनाची वीस कॅरेटची अंगठी सुमारे ०.६. दोघींतला फरक पाण्याच्या एका थेंबाएवढा आहे! तो मोजायला प्रयोगशाळेतील तराजू लागतो, शिवाय दागिना भरीव, बिनखड्यांचा आणि आत लाख न भरलेला असावा लागतो. शिवाय टंगस्टनची घनता सोन्याच्या इतकी जवळ आहे, की टंगस्टनवर सोने चढवले असेल तर ही चाचणीही फसते.

सराफांची कसोटी याहून चांगली. काळ्या दगडावर दागिना घासून उमटलेल्या रेघेवर तेजाब लावायचे आणि ती माहीत असलेल्या कसाच्या रेघेशी ताडून पाहायची, ही विद्या जुनी आहे आणि मुरलेल्या हाताला तिच्यातून बरेच कळते. तरीही ती रेघ पृष्ठभागाची असते आणि तपासणारा बहुधा विकणाराच असतो. क्ष-किरण यंत्र दागिन्याला धक्का न लावता काही मिनिटांत आकडा दाखवते, परंतु तेही वरच्या काही मायक्रॉन थरापुरतेच पाहते. निर्विवाद उत्तर अग्निपरीक्षेतूनच मिळते. त्यात दागिन्याचा छोटा तुकडा काढून तो चांदीसह शिशाच्या पत्र्यात गुंडाळतात आणि सच्छिद्र मुशीत सुमारे हजार अंश सेल्सियसच्या पुढे तापवतात. शिसे आणि इतर हलक्या प्रतीचे धातू मुशीत शोषले जातात, उरलेल्या गोळीतली चांदी नायट्रिक आम्लात विरघळवून काढतात आणि शेवटी निव्वळ सोन्याचे वजन करतात. ही सोय कोणत्याही घरात नसते आणि कोणत्याही ग्राहकाकडून तिची अपेक्षा करता येत नाही. म्हणून त्याच्या वतीने ही परीक्षा कोणीतरी अगोदरच करून दागिन्यावर तशी खूण उमटवावी, हाच हॉलमार्कचा अर्थ आहे आणि ग्राहकाच्या हाती त्याखेरीज दुसरे काही नाही.

ज्यांना ही खूण मिळते त्यांची स्थिती आता पुष्कळ सुधारली आहे. भारतीय मानक ब्युरोचे त्रिकोणी चिन्ह, २२के९१६ (बावीस कॅरेट, म्हणजे हजार भागांत ९१६ भाग सोने) किंवा १८के७५० यांसारखी शुद्धतेची खूण आणि एचयूआयडी संकेतांक अशा तीन गोष्टी दागिन्यावर असतात. त्या इतक्या बारीक असतात की भिंगाशिवाय वाचता येत नाहीत, म्हणून किमान दहापट मोठे दाखवणारे भिंग दुकानात ठेवणे सराफावर बंधनकारक आहे आणि ते मागण्यात ग्राहकाने अजिबात संकोच करू नये. संकेतांक ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये टाकला की सराफाची नोंदणी, तपासणी केंद्र, दागिन्याचा प्रकार आणि शुद्धता दिसते. (‘केडीएम’ हा शिक्का मात्र शुद्धतेचा पुरावा नाही. तो सांधे जोडण्यासाठी वापरायच्या कॅडमियमच्या डाकाशी निगडित आहे, आणि त्या कॅडमियमच्या वाफेने कारागिरांच्या फुप्फुसांची हानी होते. जुने ग्राहक आजही तो विश्वासाने दाखवतात याचे वाईट वाटते.) घोषित शुद्धतेपेक्षा सोने कमी भरले, तर भारतीय मानक ब्युरोच्या २०१८ च्या नियमावलीतील नियम ४९ प्रमाणे तुटीच्या किमतीच्या दुप्पट भरपाई आणि तपासणीचा खर्च ग्राहकाला मिळतो. दहा ग्रॅमच्या दागिन्यावर ९१६ लिहिलेले असून प्रत्यक्षात ७५० भरले, तर तूट १.६६ ग्रॅम सोन्याची होते आणि भरपाई ३.३२ ग्रॅमच्या किमतीची.

आता मी ज्यासाठी हे पत्र लिहीत आहे त्या मुद्द्याकडे येते. दोन ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या दागिन्यांना या सक्तीतून सूट आहे. कागदावर ही किरकोळ तांत्रिक सवलत वाटते. पण बाळाच्या कानातली बाळी, लहानशी नथ, चमकी, मंगळसूत्राच्या हलक्या वाट्या, काळ्या मण्यांत ओवायचे सोन्याचे चार मणी, मुलीसाठी घेतलेली कुडी हे सगळे बहुधा याच वजनात बसते. ज्या घरात वर्षभर पैसे बाजूला टाकून दीड ग्रॅम सोने घेतले जाते, त्या घराचे सगळे सोने हेच असते. पन्नास ग्रॅमचा हार घेणाऱ्याला कायद्याचे पूर्ण संरक्षण आणि दीड ग्रॅम घेणारीला काहीच नाही, अशी ही रचना झाली आहे. आणि दुसरीला तोट्याचा चटका पहिल्यापेक्षा कितीतरी अधिक बसतो.

शिवाय ही फसवणूक खरेदीच्या दिवशी कळतच नाही. ती कळते वर्षांनंतर, आजारपणात किंवा मुलांच्या फीसाठी तो दागिना मोडायला किंवा तारण ठेवायला नेल्यावर. तेव्हा समोरचा सराफ कस कमी सांगतो, घट धरतो, आणि बाईला हे कळायला मार्ग नसतो की आधीच्याने फसवले की आत्ताचा फसवतो आहे. पक्के बिल नसते, कधी पहिले दुकानही राहिलेले नसते. त्यात वार्षिक उलाढाल चाळीस लाख रुपयांपर्यंत असलेल्या सराफांनाही सूट आहे आणि बऱ्याच जिल्ह्यांत सक्ती अजून पोहोचलेली नाही, म्हणजे गरीब ग्राहक ज्या छोट्या दुकानांत आणि ज्या गावांत खरेदी करतो, तिथेच या सुटी एकावर एक साचतात.

या सवलतीमागे खरी अडचण आहे, हे मी नाकारत नाही. अग्निपरीक्षेसाठी तुकडा काढावा लागतो आणि एक ग्रॅमच्या दागिन्यातून तो काढला तर दागिना उरत नाही. खूण उमटवायला जागाही अपुरी असते. पण असे छोटे नग एकेकटे क्वचितच घडतात. मणी, वाट्या आणि बाळ्या एकाच ओतकामातून शेकड्याने निघतात. त्या संचातून काही नग काढून त्यांची अग्निपरीक्षा करावी, उरलेल्यांची क्ष-किरण यंत्राने तपासणी करावी, आणि प्रत्येक नग मोहोरबंद पाकिटात, संचाच्या संकेतांकासह विकला जावा. पाकीट उघडल्यावर नगाचा आणि संकेतांकाचा संबंध तुटतो, ही या सूचनेची मर्यादा मला मान्य आहे. तरीही विक्रीच्या क्षणी खात्री मिळते आणि बिलावर तो संकेतांक राहतो. आज यातले काहीच मिळत नाही. दीड ग्रॅमच्या पुढचे भरीव नग तर लेझरने स्वतंत्रपणे अंकित करणेही शक्य असावे, आणि सुरुवात तिथून करता येईल.

संकेतांकाच्या बाबतीतही एक पळवाट बुजवायला हवी. खऱ्या अंगठीवरचा संकेतांक हलक्या कसाच्या दुसऱ्या अंगठीवर कोरला, तर ॲप ‘अंगठी, बावीस कॅरेट’ असेच दाखवणार आणि ग्राहकाचे समाधान होणार. तपासणी केंद्रात नोंदवलेले वजन आणि दागिन्याचे छायाचित्र संकेतांकासोबत ग्राहकाला दिसले, तर अशी नक्कल जागच्या जागी उघडी पडेल. स्मार्टफोन नसलेल्या ग्राहकासाठी हीच माहिती १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर संकेतांक सांगून मिळाली पाहिजे.

हॉलमार्क नसलेले जुने दागिने मान्यताप्राप्त केंद्रात तपासून घेण्याची मुभा सामान्य ग्राहकाला २०२२ पासून आहे आणि चार नगांपर्यंत त्याचे शुल्क २०० रुपये ठरवले होते. ही अतिशय चांगली सोय आहे, पण मी ज्यांना ज्यांना सांगितले त्यांच्यापैकी जवळजवळ कोणालाच ती ठाऊक नव्हती. प्रत्येक सराफी दुकानाच्या दर्शनी भागात, स्थानिक भाषेत आणि जवळच्या केंद्राच्या पत्त्यासह ही सूचना लावणे बंधनकारक करावे. त्याच फलकावर हेही लिहावे, की पक्क्या बिलात सोन्याचे निव्वळ वजन, शुद्धता आणि हॉलमार्कचे शुल्क स्वतंत्र दाखवणे आवश्यक आहे, कारण त्या बिलावाचून नियम ४९ ची भरपाई मागणे जवळपास अशक्य होते.

शेवटची विनंती ब्युरोच्या बाजार-तपासणीविषयी आहे. दुकानांतून घेतलेल्या नमुन्यांचे निकाल जिल्हावार, दर तिमाहीला, किती नमुने घेतले आणि किती कमी भरले अशा साध्या स्वरूपात जाहीर व्हावेत. त्यात दोन ग्रॅमच्या आतल्या नगांचा रकाना वेगळा असावा. सूट कायम ठेवायची की काढायची, याचा निर्णय त्या रकान्यातील आकडे पाहून घेतला जावा.

आपली विश्वासू,
एक निवृत्त रसायनशास्त्र शिक्षिका