आई, त्या फ्रॉकवाल्या मुलींच्या सिरीजबद्दल

ती. आई-बाबांना सा. न. वि. वि. (हे एवढंच आठवतंय, पुढचं बाबांनी समजून घ्यावं)

आई, तू विचारलंस ना की एवढी घोडी झालीस तरी ते रंगीत केसांच्या, फ्रॉकवाल्या मुलींचं कार्टून काय बघत बसतेस, आणि बाबा मागून म्हणाले बघू दे गं, डोकं शांत होत असेल. तर डोकं अजिबात शांत होत नाही, उलट भणभणतं. फोनवर सांगायला गेले की तुझा कुकर तरी होतो नाहीतर बेल तरी वाजते, म्हणून लिहून टाकते एकदाचं.

सिरीजचं नाव पुएल्ला मागी मादोका मागिका. जपानी आहे, २०११ ची, फक्त १२ भाग, शाफ्ट नावाच्या स्टुडिओने केलेली, दिग्दर्शक आकियुकी शिनबो आणि लिहिलीये गेन उरोबुचीने. जादूवाल्या मुलींच्या सिरीज हा जपानमधला जुना प्रकार आहे, टीव्हीवर १९६६ पासून, आणि १९९२ ला सेलर मून आली तिने तर तो जगभर नेला. साचा ठरलेला असतो, साध्या शाळकरी मुलीला एक गोड बोलणारा प्राणी भेटतो, शक्ती देतो, ती गिरकी घेते, ड्रेस बदलतो आणि जग वाचतं. इथेही तसा प्राणी आहे, क्यूबे, पांढराशुभ्र, मांजरीएवढा. फक्त तो बोलतो तेव्हा त्याचं तोंड हलत नाही. आधी हे लक्षातच येत नाही, आणि एकदा आलं की मग त्याचा गोडवा संपतो.

त्याची ऑफर अशी की कुठलीही एक इच्छा माग, पूर्ण करतो, बदल्यात तू आयुष्यभर चेटकिणींशी लढायचं. इच्छा मागितली की हातात एक चमकणारं रत्न येतं, सोल जेम. मामी नावाची मुलगी अपघातात मरायला टेकलेली असताना तिने मला वाचव एवढंच मागितलं, विचार करायला वेळच नव्हता बिचारीला. सायाका मात्र स्वतःसाठी काहीच मागत नाही, तिचा मित्र व्हायोलिन वाजवायचा, त्याचा हात निकामी झालाय, तो बरा कर म्हणते.

बाबा, क्यूबे तुम्हाला ओळखीचा वाटेल. तुम्ही रिटायर झाल्यावर पीएफच्या पैशाचा वास काढत आलेला तो पॉलिसीवाला आठवतोय? एक शब्द खोटा बोलला नव्हता तो, फक्त पहिल्या हप्त्यातून किती कापलं जाणार ते सांगितलं नाही, आणि तुम्ही जाब विचारायला गेलात तर म्हणे काका, तुम्ही विचारलंच नाही. क्यूबेही अगदी हेच म्हणतो, आणि तेही अजिबात चेहरा न बदलता.

सहाव्या भागात काय होतं, सायाकाला लढण्यापासून थांबवायचं म्हणून मादोका (ही मुख्य मुलगी) तिचं सोल जेम हिसकावते आणि पुलावरून खाली फेकते, ते नेमकं एका जाणाऱ्या ट्रकवर पडतं आणि ट्रक निघून जातो. सायाका जागच्या जागी कोसळते. मेलेलीच. तेव्हा क्यूबे शांतपणे सांगतो की तिचा आत्मा त्या रत्नात काढून ठेवलाय, शरीर शंभरेक मीटरपर्यंतच चालतं. मग पुढे कळतं की रत्न हळूहळू काळवंडतं, दुःखाने, रागाने, आणि पूर्ण काळं झालं की त्या मुलीचीच चेटकीण होते. म्हणजे आजवर ज्यांना मारलं त्याही कधीतरी मुलीच होत्या! आणि हे सगळं कशासाठी तर विश्वातली ऊर्जा कमी होतेय म्हणून, आशेची निराशा होताना जी ऊर्जा निघते ती क्यूबेच्या जमातीला हवीये. एन्ट्रॉपीचं नाव घेऊन सांगतो तो. तीस वर्षं बारावीला थर्मोडायनॅमिक्स शिकवलेला माणूस तिथे पॉज करून वाद घालणार हे मला माहितीये.

सायाकाचा शेवट बघवत नाही. मित्राचा हात बरा होतो, तो दुसऱ्याच मुलीचा होतो, आणि ही रात्री स्टेशनवर बसून म्हणते मी किती मूर्ख होते, एक थेंब त्या रत्नावर पडतो आणि संपलं. मामीने तिला आधीच विचारलेलं असतं की त्याचं भलं व्हावं असं वाटतंय की त्याचं भलं करणारी तू असावीस असं वाटतंय? मला हा पूर्ण सिरीजमधला सगळ्यात कठोर प्रश्न वाटतो. तिची चेटकीण जलपरीच्या रूपात येते, ते बघून त्या दुसऱ्यासाठी आवाज देऊन बसलेल्या जलपरीची गोष्ट आठवतेच. गटे ह्या जर्मन कवीचं फाउस्ट हे नाटकही सगळीकडे पेरलंय, भिंतींवरच्या अगम्य लिपीत त्यातल्या ओळी आहेत, सगळ्यात मोठ्या चेटकिणीचं नावच त्यातलं, वालपुर्गिसनाख्त. पण हे नाही कळलं तरी काही अडत नाही.

मला खरं सांगायचंय ते होमुराबद्दल. ही काळ्या केसांची, तुटक बोलणारी मुलगी, सुरुवातीला व्हिलनच वाटते. दहाव्या भागात कळतं की ती मादोकाला वाचवायला तोच एक महिना पुन्हा पुन्हा मागे नेऊन जगतेय, आणि कुणाला सांगत नाही, कारण आधी सांगून पाहिलं तर कुणी विश्वास ठेवला नाही. प्रेमापोटीच सगळं. पण क्यूबे फायद्यासाठी लपवतो आणि ही प्रेमापोटी लपवते, मादोकाच्या बाजूने बघितलं तर फरक काय पडला? तिला दोन्हीकडून अर्धवटच माहिती. बरं, होमुरा जितक्या वेळा मागे जाते तितकं मादोकाच्या नशिबाचं ओझं वाढत जातं, हे तर तिलाही शेवटपर्यंत माहीत नसतं.

आता कळलं ना कुठे चाललेय मी? बाबांची अँजिओग्राफी झाली, डिस्चार्ज मिळाला, तुम्ही घरी येऊन वरणभात जेवलात, आणि मग मला फोन. का, तर तुला उगाच टेन्शन नको, ऑफिस आहे. आई, तू होमुरा आहेस, आणि हे कौतुकाने म्हणत नाहीये.

मादोकाची आई वेगळी आहे. जुन्को, ऑफिसला जाणारी, सकाळी लेकीने पडदे ओढून उठवावी लागणारी, घर आणि स्वयंपाक बाबा बघतात. पोरगी एकदा रात्री तिला मैत्रिणीबद्दल विचारते पण मोघमच, आणि आई तेवढ्यावरून सल्ला देते की कधीकधी तिच्यासाठी मुद्दाम चुकावं लागतं. त्यानंतरच ते रत्न पुलावरून जातं. अर्धं सांगितल्यावर सल्लाही अर्धाच मिळणार. अकराव्या भागात वादळ आलंय, सगळे निवाऱ्याला आलेत, आणि मादोका बाहेर निघते तेव्हा जुन्को तिला जिन्यात गाठते, एक थोबाडीतही मारते. मग विचारते, कुणाच्या खोटेपणाला भुलून तर नाही ना चाललीस? नाही म्हटल्यावर पाठीवर थाप मारून जाऊ देते. (हे शेवटचे दोन भाग मार्च २०११ च्या भूकंपामुळे लांबले, एप्रिलमध्ये दाखवले.) तोपर्यंत क्यूबेने सगळा इतिहास सांगितलाय, होमुराही रडत सगळं बोललीये, आणि सगळं माहीत झाल्यावरच मादोका इच्छा मागते की भूत, वर्तमान, भविष्यातली प्रत्येक चेटकीण जन्मायच्या आधीच मी नाहीशी करेन. त्या सौद्यात ती स्वतःच जगातून पुसली जाते. नंतर जुन्को होमुराच्या केसातली रिबन बघून म्हणते, मला मुलगी असती तर तिला अशीच घातली असती. ती रिबन मादोकाची असते, आईनेच निवडून दिलेली.

दिवाळीत येतेय तेव्हा लॅपटॉप टीव्हीला जोडून देते, सबटायटल मोठे करून. तिसऱ्या भागात मामीचं जे होतं ते बघून आई तू उठून जायचं नाहीस. आणि बाबांची पुढच्या महिन्याची टू-डी इको झाली की रिपोर्ट त्याच दिवशी व्हॉट्सॲपवर टाका, सगळी पानं, आणि फोटो सरळ धरून काढा.

तुमची,
मनू