चुगली की तक्रार?

महोदय,

शाळेत रोज प्रतिज्ञा होते. तिच्यातला ‘पाईक’ म्हणजे कोण, हे चौथीच्या वर्गात विचारून पाहावं. पायदळाचा शिपाई, सेवक, हे क्वचितच कुणी सांगेल. फळ्यावरच्या सुविचाराचीही तीच गत: आज ‘सत्य’, उद्या ‘परोपकार’, परवा डस्टर.

मूल्यांचे शब्द मुलांना खरंच कळावेत, तर रोज नवा शब्द नकोच. आठवड्याला एक, वर्षाला 25 पुरेत. परिपाठातली दहा मिनिटं लागतात. सोमवारी शब्द सांगायचाच नाही, नुसता प्रसंग सांगायचा. नळावर मोठी मुलं धाकट्याला ढकलतात, एक जण बाईंना जाऊन सांगतो. ही चुगली की तक्रार? मुलं तावातावानं भांडतात, भांडू द्यावं. मंगळवारी दोन्ही शब्द शेजारी-शेजारी लिहून कसोटी द्यावी: दुसऱ्याला बोलणी बसावीत म्हणून सांगितलं ती चुगली, कुणाचा त्रास थांबावा म्हणून सांगितलं ती तक्रार. हा फरक न कळलेलं मूल मार खाऊनही गप्प राहतं. हक्क आणि सवलत, दया आणि आदर, माफी आणि भरपाई हेही असेच जोडीनं घ्यावेत. एकटी व्याख्या पाठ होते नि परीक्षेनंतर उडून जाते. शनिवारी तोच शब्द वर्तमानपत्रात शोधायला लावावा.

‘प्रामाणिक’ हा शब्द बहुधा कुणाचं पेन हरवल्यावरच वर्गात निघतो, म्हणून त्याला छडीचा वास येतो. ‘तुमच्या घरी कोण खोटं बोलतं?’ असं तर कधीच विचारू नये. प्रसंग तिऱ्हाइताचाच हवा. गुणही नकोत, नाहीतर मुलं बाईंना आवडेल तेवढंच बोलतात.

साताऱ्याला मोठं उदाहरण शोधायला लांब जावं लागत नाही. 7 नोव्हेंबर 1900 रोजी भीमरावांचं, म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं, नाव इथल्या शाळेत, आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, दाखल झालं. तो दिवस विद्यार्थी दिन म्हणून पाळतात, पण भाषणांतच सरतो. त्याऐवजी पाठ्यपुस्तकात छापलेल्या संविधानाच्या उद्देशिकेतला ‘दर्जाची व संधीची समानता’ एवढाच तुकडा घ्यावा. नाव दाखल झालं, ही संधी. पण बसायला कोपऱ्यात वेगळं गोणपाट, आणि शिपाई नसला तर पाणीही नाही. मग दर्जा मिळाला का? सहावी-सातवीची मुलं इथे थबकतात. पाठोपाठ कर्मवीर भाऊराव पाटलांचं साताऱ्यातलं वसतिगृह सांगावं, जिथे सगळ्या जातींची मुलं एकत्र राहत आणि जेवत.

यंदा शाळांनी दोन भाषणं कमी करून एवढी दहा मिनिटं काढावीत, ही विनंती.

— काही निवृत्त प्राथमिक शिक्षक, सातारा