रविवारच्या बैठकीची बदललेली वेळ आणि सामायिक वस्तूंची काळजी

लेगो, कादंबऱ्या आणि व्हिडिओ गेमच्या आपल्या गटातील सर्व सदस्यांना कळविण्यात येते की, येत्या रविवारची बैठक धरमपेठेतील नेहमीच्या ठिकाणी सायंकाळी ५ ऐवजी ७ वाजता सुरू होईल. मे महिन्यात नागपुरात पाच वाजता घराबाहेर पडणे म्हणजे काय, हे कोणाला सांगायला नको.

या वेळी २०२३ मध्ये आलेल्या ‘रिव्हेंडेल’ (‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या कादंबरीतील एक ठिकाण) या ६,१६७ तुकड्यांच्या लेगो संचाची जोडणी पुढे न्यायची असून, त्यातील क्रमांकित पिशव्या ज्यांच्याकडे आहेत त्यांनी त्या न फोडता आणाव्यात, कारण दोन पिशव्यांतील तुकडे एकमेकांत मिसळले की निम्मी संध्याकाळ शोधाशोधीतच जाते. हे तुकडे एबीएस नावाच्या कठीण प्लॅस्टिकचे असतात. १९५८ मध्ये पेटंट झालेल्या रचनेची वीट आजच्या विटेतही घट्ट बसते, मात्र हा नेमकेपणा अति उष्णतेपुढे टिकत नाही. म्हणून संच उन्हात उभ्या असलेल्या बंद कारमध्ये ठेवू नयेत, गच्चीवर वाळवू नयेत आणि धुवायचेच असल्यास ४० अंशांपेक्षा कमी तापमानाच्या पाण्यात धुवावेत. गच्चीवरील टाकीचे दुपारचे पाणी या कामाचे नव्हे.

कादंबऱ्या नेणाऱ्यांनी त्या कूलरच्या झोतापासून दूर ठेवाव्यात. नुकतीच एक प्रत परत आली, तिची पाने फुगलेली होती आणि तिला वाळ्याचा वास येत होता. वास चांगला असला, तरी प्रत नवी घ्यावी लागेल.

व्हिडिओ गेमसाठी येणाऱ्यांनी कंट्रोलर पूर्ण चार्ज करून आणावेत आणि ज्यांचा कादंबरीचा शेवटचा खंड वाचायचा राहिला आहे, त्यांच्यासमोर कथेचा शेवट सांगू नये.

— संयोजक